यीस्टच्या पेशीबाहेरचा हिशेब

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. पदवीनंतर सिंथेटिक बायोलॉजीच, म्हणजे जनुके हवी तशी जुळवून सजीव पेशींकडून हवे ते द्रव्य किंवा काम करून घेण्याचे शास्त्रच, करायचे हे तू ठरवलेच आहेस, आणि कोणत्या प्रयोगशाळेत अर्ज करावा एवढेच मला विचारले आहेस. त्याचे उत्तर शेवटी देतो. ज्या उदाहरणामुळे तू या विषयाकडे वळलीस, त्या आर्टेमिसिनिनची हकिकत तू अर्धीच वाचली आहेस असे पत्रावरून दिसते, आणि राहिलेला अर्धा भाग तुझ्या निर्णयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे.

तू वाचलेला भाग खरोखरच दिपवून टाकणारा आहे. मलेरियावरचे हे द्रव्य आर्टेमिसिया अॅनुआ या झुडपाच्या पानांत असते. तू यूयू नावाच्या चिनी शास्त्रज्ञ बाईंनी १९७२ मध्ये ते वेगळे केले आणि २०१५ मध्ये त्या कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र झुडूप लावण्यापासून शुद्ध द्रव्य हाती येईपर्यंत वर्षाहून अधिक काळ जात असल्याने भाव सतत हेलकावे खात असे. २००५ च्या सुमारास तो किलोमागे हजार डॉलरच्या वर गेला, ते पाहून शेतकऱ्यांनी भरमसाट लागवड केली आणि दोन-तीन वर्षांत तो कोसळला. (कांद्याच्या भावाची चर्चा घरात ऐकत वाढलेल्या कुणालाही हे चक्र समजावून सांगावे लागत नाही.) या अस्थिरतेवर उपाय म्हणून अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाचे संशोधक जे कीसलिंग यांच्या गटाने त्या झुडपाची जनुके यीस्टमध्ये घातली, पेशीतील चयापचयाचा ओघ हव्या त्या दिशेला वळवला, आणि २००६ मध्ये यीस्टकडून आर्टेमिसिनिनच्या आधीच्या टप्प्यावरचे आर्टेमिसिनिक आम्ल तयार करून घेतले. २०१३ पर्यंत उत्पादन लिटरमागे २५ ग्रॅमपर्यंत पोहोचले होते. त्याच वर्षी सानोफी कंपनीने इटलीतील गारेसिओ येथे या आम्लापासून औषधाचे द्रव्य मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली.

पुढचा भाग असा की २०१५ मध्ये गारेसिओच्या कारखान्यात या पद्धतीने एक किलोसुद्धा द्रव्य तयार झाले नाही, आणि पाठोपाठ तो कारखाना विकला गेला. यीस्ट आपले काम चोख करत होते. सानोफीने ना नफा ना तोटा म्हणून ठरवलेला भाव किलोमागे साडेतीनशे डॉलर किंवा त्याहून थोडा अधिक होता, तर शेतातून येणारे आर्टेमिसिनिन तोपर्यंत अडीचशेच्या खाली उतरले होते. आणि समज, निकाल उलट लागला असता, तर चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेतील अनेक अल्पभूधारकांचे नगदी पीक गेले असते. या प्रकल्पाला अपयशी म्हणणे मला मान्य नाही, कारण टंचाईच्या वेळी हाताशी असलेला दुसरा मार्ग म्हणून त्याची किंमत आहेच. परंतु तो शिकवताना आपण जनुकांपाशी थांबतो आणि भावापर्यंत जात नाही, ही आपल्या अभ्यासक्रमातली मोठी उणीव आहे.

याच्या शेजारी इन्शुलिन ठेवून पाहा. पूर्वी ते कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडांतून काढावे लागे. १९७८ मध्ये मानवी इन्शुलिन जिवाणूकडून बनवून घेता आले आणि १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. रुग्णाला लागणारी मात्रा अत्यल्प, मोल मोठे, आणि जुना पुरवठा मुळातच तोकडा, त्यामुळे किण्वनाचा, म्हणजे टाकीत सूक्ष्मजीव वाढवून द्रव्य बनवण्याचा, खर्च सहज पेलला गेला. चीजसाठी लागणाऱ्या कायमोसिनचेही तसेच झाले. वासराच्या जठरातून मिळणारे ते विकर १९९० पासून सूक्ष्मजीवांकडून घेतले जाऊ लागले आणि आज बहुतेक चीज त्यावरच बनते, कारण पुष्कळ दुधाला ते चिमूटभर पुरते.

अडचण सुरू होते ती टनांच्या व्यवहारात. अमायरिस या कंपनीने ब्राझीलमध्ये उसाच्या साखरेवर यीस्ट वाढवून त्यापासून फार्नेसिन हे तेलासारखे द्रव्य, आणि फार्नेसिनपासून डिझेल, बनवायचे ठरवले होते. सिद्धांताने शक्य असलेले कमाल उत्पादन धरले तरी एक किलो फार्नेसिनला साडेतीन ते चार किलो साखर लागते. प्रत्यक्षात त्याहून जास्तच. खनिज डिझेलच्या भावाशी हा हिशेब जुळेना, तेव्हा कंपनी सौंदर्यप्रसाधनांतील स्क्वालेनकडे वळली. शार्कच्या यकृतातून काढला जाणारा हा पदार्थ यीस्टमुळे उसापासून मिळू लागला, हे निःसंशय चांगले झाले. तरीही २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाचा पहिला बर्गर २०१३ मध्ये लंडनमध्ये खाल्ला गेला, सिंगापूरने २०२० मध्ये अशा मांसाच्या विक्रीला परवानगी दिली, आणि पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्या माध्यमाचा खर्च आजही त्या क्षेत्राच्या मानगुटीवर बसलेला आहे. सगळे जग लवकरच टाकीतले मांस खाईल असे कुणी सांगितले, तर त्याला आधी माध्यमाचा दर विचार.

शेतीचे सांगायचे तर आपल्याकडचा बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारे जिवाणूचे जनुक घातलेला कापूस, हा सिंथेटिक बायोलॉजीच्या आधीच्या पिढीतला, पण धडा तोच. २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या या कापसावर २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने थैमान घातले. अळीत प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये म्हणून भोवती बिगर-बीटी कापसाच्या ओळी लावणे अपेक्षित होते, बियाण्याच्या पाकिटासोबत त्याचे वेगळे पाकीटही मिळत असे. पण दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा अळीसाठी सोडावा, ही अपेक्षा करणाऱ्यांनी त्याच्या घरचा जमाखर्च पाहिलेलाच नव्हता. हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे सुधारित जिवाणू आता येत आहेत, तेव्हा हे ध्यानात ठेव.

खर्चाचा विचार आरंभापासून केल्याचे एक जवळचे उदाहरणही आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार१९ ही रक्ताच्या काही कर्करोगांवरची कार-टी उपचारपद्धती. रुग्णाच्याच टी-पेशींत जनुकीय बदल करून त्या परत देण्याच्या या पद्धतीला २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली, आणि तिची किंमत अमेरिकेतल्या तशाच उपचाराच्या सुमारे एक दशांश आहे. सामान्य कुटुंबाला तीही परवडत नाही, परंतु दिशा बरोबर आहे.

आता तुझा प्रश्न. जिथे शंभर मिलिलिटरच्या फ्लास्कपुढे जाऊन निदान शंभर लिटरच्या फर्मेंटरवर (किण्वनाच्या टाकीवर) विद्यार्थ्यांना हात घालू देतात, अशी जागा निवड. मार्गदर्शकाचे शोधनिबंध किती हे त्यानंतर पाहा. ऑक्सिजन पेशींपर्यंत पुरेसा पोहोचत नाही, टाकी तापते, फेस चढतो, बॅचमध्ये भलतेच जिवाणू शिरतात, आणि शेवटी द्रव्य वेगळे करण्यातच निम्मा खर्च जातो, हे सर्व तिथेच कळते. तू सांगलीची आहेस, तेव्हा प्रवेशाआधीच्या उन्हाळ्यात जवळच्या साखर कारखान्याच्या आसवनीत महिनाभर काम करायला मिळते का, ते विचार. पुण्याजवळच्या मांजरी गावातील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यार्क-तंत्रज्ञान शिकवणारी माणसे आहेत, त्यांनाही भेट. लाजू नकोस, तिथल्या शिफ्ट केमिस्टला यीस्टविषयी जे माहीत असते ते अनेक प्राध्यापकांना नसते.

आणि अर्ज धाडण्यापूर्वी तुझ्या मनातल्या प्रकल्पाचा एक पानभर हिशेब मला पाठव: कोणते द्रव्य, किलोभर बनवायला साखर किती, आज ते कोण बनवते आणि कोणत्या भावाने विकते. साखरेचा दर सांगलीचाच धर.

तुझा शिक्षक