गल्ल्यावर १० टक्के, कारखान्यात ९० टक्के

गिऱ्हाइकांचा खप जेमतेम १० टक्क्यांनी वाढला, तर कारखान्याची आधी धावपळ आणि मग सामसूम का, असं तुम्ही विचारलंय. ट्रक, जहाजं, गोदामं यांचा यात फारसा दोष नसतो. माल कारखान्यातून गिऱ्हाइकाकडे जातो, मागणीची खबर उलटी येते, आणि प्रत्येक हातात ती फुगते.

हिशेब मांडून बघा. दुकानदार आठवड्याला १०० नग विकतो आणि दोन आठवड्यांचा, म्हणजे २०० नगांचा साठा ठेवतो. एका आठवड्यात ११० खपले. आता त्याला साठा २२० हवा. म्हणून खपलेले ११० आणि वर २०, अशी १३० ची ऑर्डर. वितरकाचा नियमही तोच, पण त्याला गल्ला दिसत नाही, १३० चा आकडा दिसतो. त्याला साठा २०० वरून २६० वर न्यायचाय, म्हणून १३० आणि वर ६० धरून तो कारखान्याकडे १९० मागतो. पुढच्या आठवड्यात खप ११० वरच राहिला, तर दुकानदार ११० मागवतो. वितरकाला आता २२० चाच साठा पुरतो, म्हणजे २६० पैकी ४० नग जास्तीचे झाले, म्हणून कारखान्याला ऑर्डर जाते फक्त ७० ची. (माल लगेच पोचतो असं इथे धरलंय. यायला महिना लागत असेल तर विचारूच नका.)

याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलला डायपरच्या धंद्यात हेच दिसलं. बाळांची गरज रोज जवळपास तेवढीच, तरी वितरकांच्या ऑर्डरी सतत वरखाली.

त्यात माणसं भर घालतात. टार्गेटसाठी महिनाअखेरीला स्कीम लावून माल ढकलायचा, की पुढचा महिना कोरडा. तुटवड्याची कुणकुण लागली की दुप्पट ऑर्डर टाकायची, माल आला की उरलेली रद्द. २०२० मध्ये मोटार कंपन्यांनी याउलट केलं, घाबरून चिपच्या ऑर्डरी कापल्या. चिप कारखान्यांची ती मोकळी झालेली क्षमता इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी उचलली आणि २०२१ मध्ये चिपअभावी गाड्यांचं उत्पादन अडलं.

गल्ल्यावरचा खरा आकडा कारखान्यापर्यंत पोचवला तर बराचसा गोंधळ मिटतो. बारकोडमुळे तो रोजच्या रोज मिळतोही. पण दुकानदार तो सहसा देत नाही, कारण आकडा हातचा गेला की भावाच्या बोलणीतलं त्याचं वजन घटतं, आणि त्याचं तसं चुकतही नाही. तोवर निदान साठ्याची तूट एका दमात भरू नका, चार आठवड्यांत भरा. वरच्याच हिशेबात दुकानदार २० ऐवजी ५ जास्त मागेल, वितरकानेही तसंच केलं तर कारखान्याला पहिली ऑर्डर १९० ऐवजी साधारण १२३ ची जाईल.