नाशिकला चैत्रात यायचं तर तारीख नको, तिथी बघून या

तुम्ही विचारलंय की मार्च-एप्रिलमध्ये तीन दिवस नाशिकला यायचं आहे, बरोबर सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि सतरा वर्षांचा मुलगा आहे, आणि त्र्यंबकेश्वर व द्राक्षाचे मळे सोडून शहरात या दिवसांत काय बघण्यासारखं असतं. माझं लहानपण जुन्या नाशकात, तिवंधा चौकाजवळच्या एका वाड्यात गेलं. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

हॉटेल बुक करण्याआधी पंचांग उघडा. आमच्याकडचे हे सगळे सण तिथीवर चालतात आणि तिथी दरवर्षी सरकते. पाडवा २०२५ मध्ये ३० मार्चला होता, २०२६ मध्ये १९ मार्चला, २०२७ मध्ये ७ एप्रिलला. म्हणजे 'मार्चच्या शेवटी येतो' असं म्हणून आलात तर एका वर्षी रामाचा रथ बघाल आणि दुसऱ्या वर्षी हाती काहीच लागणार नाही. क्रम असा आहे: होळी, दुसऱ्या दिवशी धुळवडीला वीरांची मिरवणूक, रंगपंचमीला रहाडी (म्हणजे रंगाचे हौद), त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी पाडवा, मग रामनवमी आणि एकादशीला रथ.

तुमच्या घरच्या मंडळींकडे बघून मी सांगेन की चैत्र शुद्ध नवमी ते एकादशी हे तीन दिवस घ्या. नेमके तीनच आहेत.

नवमीला काळाराम मंदिरात दुपारी बाराला रामजन्म होतो. तेव्हा आत श्वास घ्यायला जागा नसते, त्यामुळे आई-वडिलांना पहाटेच न्या. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे देऊळ बांधलं. काळ्या दगडाचं आहे, भोवती प्रशस्त आवार आहे आणि चहूबाजूंनी ओवऱ्या आहेत. गर्दी चढायच्या आत त्या ओवरीत अर्धा तास टेकलं की चैत्रातली सकाळ म्हणजे काय ते कळतं. दगड अजून गार असतो आणि कुठेतरी टाळ वाजत असतात.

मुलाला मात्र या देवळाची दुसरी गोष्टही सांगा. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि दारं बंद करून घेतली गेली. त्या वर्षी रामाचा रथ सगळ्यांनी मिळून ओढायचा असा समझोता झाला होता, तोही मोडला आणि दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाडांसारख्या माणसांनी हा लढा पुढे काही वर्षं चालू ठेवला. मी दरवर्षी रथाला जातो आणि दोराला हात लावताना हे आठवल्याशिवाय राहत नाही. उत्सव बघायला येणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दशमी मोकळी आहे. सकाळी मिसळ खा, उन्हाच्या आधी भांडी बाजार, सराफ बाजार असं पायी फिरा. बुधा हलवाईची जिलबी घ्या. घाटावर नारोशंकराचं देऊळ आणि त्याची मोठी घंटा बघा. पुराचं पाणी कुठवर चढलं हे नाशिककर या घंटेवरून आणि दुतोंड्या मारुतीवरून सांगतात. दुपारी अकरा ते चार मात्र खोलीतच थांबा, चैत्राचं ऊन वयस्कर माणसांना झेपत नाही.

एकादशीचा रथ. कामदा एकादशीला संध्याकाळी काळाराम मंदिरापासून दोन रथ निघतात, पुढे गरुडरथ आणि मागे रामरथ. दोन्ही लाकडी, दोरांनी ओढायचे. ओढण्याचा मान तालमींकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. रथ वळणावर आला की चाकाखाली उटी, म्हणजे अडसर, लावणाऱ्या पोरांकडे बघा. एवढा जड रथ गल्लीच्या तोंडाशी वळवायचा म्हणजे सगळी मदार त्यांच्या नजरेवर असते. रामरथापुढे पुजारी घराण्यातले त्या वर्षीचे मानकरी बुवा चालतात, पण रथाकडे तोंड करून, म्हणजे उलट्या पावलांनी. देवाकडे पाठ करायची नाही म्हणून. लहानपणी मला सगळ्या मिरवणुकीत तेवढंच दिसायचं: हात जोडून मागे मागे सरकणारा एक माणूस आणि त्याच्यामागोमाग येणारा दिव्यांनी उजळलेला रथ.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा कळत नाही. रामरथ नदी ओलांडत नाही. गरुडरथ गोदावरीपलीकडे जुन्या गावात फिरून येतो, तोवर रामरथ पंचवटीच्या बाजूला थांबतो. मग दोघं रामकुंडावर येतात आणि देवाला अवभृथ स्नान, म्हणजे उत्सवाच्या सांगतेचं स्नान होतं. आई-वडिलांसाठी म्हणून सांगतो, मिरवणुकीबरोबर चालू नका. गरुडरथ जुन्या गावात गेला की रामरथ जिथे थांबलेला असतो तिथे जा. गर्दी पांगलेली असते, शांतपणे दर्शन होतं. दारासमोर सडा-रांगोळी घालून वाट बघणाऱ्या बायका भेटतील, त्यांच्याशी बोला. कुठे उभं राहायचं हे त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

पाडव्याला जमत असेल तर सकाळच्या स्वागतयात्रा आहेत, नाशिक ढोल आहे, बाजारात साखरेचे हार-कडे आहेत. पण त्या यात्रा तुमच्याकडेही निघत असतील. मे महिन्यात आलात तर गोदाघाटावर संध्याकाळी वसंत व्याख्यानमाला असते. शंभरी ओलांडलेली आहे आणि पायरीवर बसून फुकट ऐकायची.

आता तुमच्या मुलाबद्दल. त्याला एकदा रंगपंचमीला एकट्याने किंवा मित्रांबरोबर पाठवा. नाशकात धुळवड वीरांची असते. घराण्यातल्या वीरांचे टाक वाजतगाजत गोदावरीवर स्नानाला न्यायचे, पोरांना वीराचा वेष द्यायचा आणि संध्याकाळी बाशिंग बांधलेल्या दाजिबा वीराची मिरवणूक बघायची. रंग खेळायचा तो पंचमीला, आणि तोही रहाडीत.

रहाड म्हणजे रस्त्याखालचा दगडी हौद. पेशव्यांच्या काळापासूनचे आहेत हे. वर्षभर वर लाकडी ओंडके आणि माती असते, वरून गाड्या जातात, नवख्याला पत्ताही लागत नाही. पंचमीच्या आधी काही दिवस चौक खणायला घेतात. जुन्या तांबट लेनमध्ये, तिवंध्याला, दिल्ली दरवाजाशी, पंचवटीत शनी चौकात. फुलं मोठ्या कढईत उकळून रंग काढतात, आणि प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. आमच्या तिवंध्याचा पिवळा, शनी चौकाचा गुलाबी. दुसऱ्या दिवशी वर्गात कोणाच्या मानेवर कुठला रंग आहे यावरून तो कुठे उतरला होता ते कळायचं. पूजा झाली की मानकरी पहिली उडी घेतात आणि मग धप्पे, म्हणजे रहाडीत धपाधप उड्या, सुरू होतात.

माझा पहिला धप्पा तेरा वर्षांचा असताना. आजी समोरच्या माडीवरून बघत होती. मी वर आलो तेव्हा डोळ्यांसमोर सगळं पिवळं होतं आणि तिचा हात तेवढा हलताना दिसला. या रंगाच्या पाण्यात बुडून आलेल्याला उन्हाळा बाधत नाही असं ती म्हणायची.

मुलाला पोहता येत असेल तरच उतरू द्या. रहाड खोल असते, माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात, मुका मार बसतो. कडेला चांगले पोहणारे कार्यकर्ते उभे असतात, त्यांना आधी सांगायचं की पहिल्यांदाच आलोय. जुने कपडे, पायात काही नाही, फोन मुक्कामावर. अलीकडे चौकाचौकांत शॉवर लावून डीजेवर नाचणं वाढलंय. त्यात वेळ घालवू नये, ते कुठल्याही शहरात मिळतं. दुपारनंतर सरळ जुन्या गावात यावं.

आणि शक्य असेल तर त्याला आणखी काही दिवस राहू द्या. ओंडके परत बसतात, माती पडते, त्यावरून पहिली रिक्षा जाते. कुठल्या वर्षी येताय तेवढं कळवा, तिथ्या काढून देतो.