नाडी मोजते, पण गोळी माझ्या हातात नाही

प्रश्न : ताई, मी ३८ वर्षांची. सोलापूरला बी.कॉम. केलं, लग्नानंतर न्यू जर्सीत आले. गेली चार वर्षं एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहात, सीएनए (नर्सच्या हाताखालची प्रशिक्षित मदतनीस) आहे, रात्री अकरा ते सकाळी सात. मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. मुलं दहा आणि सहा वर्षांची. मी आजींची नाडी मोजते, आकडा नर्सला सांगते, पण गोळी माझ्या हातात नाही. एलपीएन, म्हणजे परवाना असलेली पहिल्या पायरीची नर्स, व्हायचं फार मनात आहे. नोकरी सोडणं परवडणार नाही. नवरा म्हणतो, करायचंच तर थेट आरएन (त्यावरच्या पायरीची नर्स) कर. नोकरी सांभाळून जमेल का? पैशाची मदत मिळते का?
– स. क., एडिसन

उत्तर : जमेल. मी स्वतः १९९७ साली केलं, तेव्हा माझी धाकटी साडेतीन वर्षांची होती. पण रोजची रात्रपाळी आणि दिवसाची शाळा एकत्र करू नका. मी पहिले दोन महिने तेच केलं. एका सकाळी क्लिनिकलला, म्हणजे शाळेच्या प्रत्यक्ष रुग्णांबरोबरच्या सरावाला, एका आजोबांचं बीपी घेताना उभ्या उभ्या माझा डोळा लागला आणि दंडाला बांधलेला कफ तसाच फुगलेला राहिला. त्यांनीच हाक मारून मला जागं केलं. त्यांच्या दंडावर उमटलेला लाल पट्टा अजून डोळ्यांसमोर आहे. त्याच आठवड्यात मी शनिवार-रविवारच्या मोठ्या पाळ्या मागून घेतल्या. सुट्टीच्या दिवशी नर्सिंग होमला माणसं मिळत नाहीत, त्यामुळे मागणाऱ्याला सहसा नाही म्हणत नाहीत. काही ठिकाणी याला ‘बेलर’ पाळी म्हणतात आणि दर चांगला देतात. तुमच्याकडे आहे का, विचारून ठेवा. दिवसाचा पूर्णवेळ कोर्स साधारण वर्षभराचा असतो, संध्याकाळचा दीड-दोन वर्षांचा. तुमची मुलं लहान आहेत, मी तुमच्या जागी असते तर संध्याकाळचाच घेतला असता.

शाळा निवडताना पहिला प्रश्न एकच : राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आहे का? ती नसेल तर कोर्स पूर्ण करूनही परवान्याच्या परीक्षेला बसता येत नाही. दुसरा प्रश्न, त्या शाळेच्या किती मुली पहिल्याच खेपेला पास होतात. बोर्ड हे आकडे शाळेच्या नावानिशी जाहीर करतं. काउंटीच्या व्होकेशनल शाळांची फी खाजगी शाळांपेक्षा बरीच कमी असते, तिथे आधी चौकशी करा.

आता पैसे. ग्रीन कार्ड असल्यामुळे तुम्ही फाफ्साचा, म्हणजे शिक्षणासाठी केंद्र सरकारची मदत मागण्याचा, फॉर्म भरू शकता. मात्र पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत, ज्यांच्याकडे आधीच पदवी आहे त्यांना मिळत नाही. आणि भारतातली पदवीही पदवीच धरली जाते. तुमचं बी.कॉम. इथे आड येईल. कुणी सांगेल, फॉर्मवर लिहू नका, कोण तपासतंय! कृपा करून तसं करू नका. खोटी माहिती देऊन घेतलेली मदत अंगाशी येते, आणि परवाना मागताना नाव स्वच्छ असायला हवं. सरकारी कर्जाचा मार्ग तुम्हाला मोकळा आहे, शाळा त्या योजनेत आहे का तेवढं पाहा. त्याआधी तुमच्या एचआरला विचारा. बऱ्याच नर्सिंग होम फी देतात आणि बदल्यात अमुक वर्षं तिथेच काम करण्याचा करार करून घेतात. करार घरी आणा, नवऱ्याबरोबर बसून वाचा. मधेच सोडलं तर किती भरावे लागतील, ते वाक्य शोधा.

नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नाही. हॉस्पिटलांत आता एलपीएनच्या जागा थोड्याच असतात. काम मिळतं ते नर्सिंग होममध्ये, दवाखान्यांत, होम केअरमध्ये. पण आरएनला आधी शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र वगैरे विषय कॉलेजात पुरे करावे लागतात, आणि शाळा सुटून तुम्हाला सोळा-सतरा वर्षं झाली. एलपीएन झालात की पगार वाढतो, आणि पुढे एलपीएनवरून आरएनला जायचे ब्रिज कोर्स आहेत. मी त्याच वाटेने गेले, म्हणून माझा कल तिकडे आहे.

तुम्ही नाडीबद्दल लिहिलंत ते मला फार लागलं, कारण दोन्ही कामांतला फरक नेमका तिथेच आहे. समजा, आजींना डिगॉक्सिन, म्हणजे ठोके मंद करणारं हृदयाचं औषध, ०.२५ मिलिग्रॅम लिहून दिलंय आणि हातात गोळी ०.१२५ ची आहे. दोन गोळ्या, हा हिशेब तुमचं दहा वर्षांचं मूलही करेल. पण देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. ५६ आले, म्हणजे ठोके आधीच कमी आहेत, तर गोळी थांबवायची, वर कळवायचं आणि लिहून ठेवायचं. आज तुम्ही ५६ हा आकडा दुसऱ्याच्या हवाली करता. उद्या त्या आकड्याचं काय करायचं, हे तुम्हाला विचारलं जाईल.

परवान्याची परीक्षाही, एनक्लेक्स-पीएन, हेच विचारते. संगणकावर कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. ‘सगळ्यात आधी काय कराल?’ असे प्रश्न खूप येतात, आणि आपल्या सीएनए मुली तिथेच अडखळतात. वर्षानुवर्षं हात पांघरूण सारखं करायला आणि पाणी द्यायला आधी जातो. उत्तर बहुतेक वेळा श्वासापासून सुरू होतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. शाळेत औषध द्यायला शिकाल, पण कामावर तुम्ही परवाना मिळेपर्यंत सीएनएच आहात. घाईत एखादी नर्स म्हणेल, ‘तू शिकतेस ना, एवढी गोळी देऊन ये.’ मला असं सांगितलं गेलं होतं आणि मी औषधाचा कप हातात घेऊन दारापर्यंत गेले होते. परत फिरले, म्हणून आज हे लिहिते आहे. ‘मला परवानगी नाही’ एवढंच म्हणा आणि कप परत द्या.

शेवटी कागदपत्रं. शाळा बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिकांचं इथलं मूल्यांकन मागेल. त्याला वेळ लागतो, आणि काही संस्थांना ट्रान्सक्रिप्ट थेट कॉलेज किंवा विद्यापीठाकडून बंद पाकिटात हवी असते. म्हणून सुरुवात इथूनच करा. उन्हाळ्यात सकाळी सातला तुमची पाळी सुटते, तेव्हा सोलापुरात दुपारचे साडेचार वाजलेले असतात. कॉलेजचं ऑफिस उघडं असतं. गाडी सुरू करण्याआधी पार्किंगमधूनच फोन लावा.