बारावीच्या मुलीकडून सीईटीसाठी रोज एक पेपर सोडवून घेतला तर पुरेल का? आणि टेस्ट सिरीज कोणती घ्यावी?

नाही पुरणार. सिरीज कोणती, हा प्रश्न त्याहून दुय्यम आहे, तो शेवटी घेते.

‘रोज एक पेपर’ हा सल्ला कुठून आला असेल याची कल्पना आहे. प्रत्येक स्टाफरूममध्ये या पंथाची दोन-तीन माणसं असतातच आणि माझा त्यांच्याशी वाद जुना आहे. सरावाने वेग येतो, असं ती म्हणतात. येतो की! चुका करण्याचाही येतो. सतत थर्मामीटर लावून कुणाचा ताप उतरलेला नाही. मार्क वाढतात ते पेपर सोडवल्यानंतरच्या तीन-चार तासांत, आणि रोज पेपर असेल तर नेमके तेच तास उरत नाहीत.

सीईटी म्हणजे एमएचटी-सीईटी, इंजिनिअरिंग-फार्मसी प्रवेशाची परीक्षा, आणि मुलगी पीसीएमची (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) आहे असं धरून चालते. पेपरचे दोन गट असतात. पहिल्यात फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. दुसऱ्यात गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे 108 सेकंद, आणि प्रत्येक प्रश्नाला मार्क दुप्पट. पहिल्या गटातली मिनिटं गणिताला वापरता येत नाहीत, त्यामुळे दोन्ही गटांचा हिशोब वेगवेगळा ठेवायचा. केमिस्ट्री आधी, 35 मिनिटांत. उरलेली 55 फिजिक्सला. उलट क्रमाने गेलेली मुलं फिजिक्सच्या गणितांत अडकतात आणि केमिस्ट्रीतले वाचताक्षणी येणारे प्रश्न न उघडताच राहतात.

आता पेपरनंतर काय करायचं ते. तयारी पेपर चालू असतानाच सुरू होते: कच्च्या कागदावर प्रश्न क्रमांकापुढे एक अक्षर लिहायचं. खात्री असेल तर ‘ख’, शंका असेल तर ‘श’, निव्वळ अंदाज असेल तर ‘अ’. पेपर संपला की उत्तरसूची उघडायची नाही. यावर घरोघरी भांडणं होतात, पण उघडायची नाही. आधी ‘श’, ‘अ’ आणि सुटलेले सगळे प्रश्न घड्याळ बाजूला ठेवून पुन्हा सोडवायचे. मग सूची बघायची. ‘ख’ लिहूनही चुकलेले असतील ते त्यानंतर, स्पष्टीकरण न वाचता, पुन्हा सोडवायचे.

उदाहरणादाखल पहिल्या गटाचा एक पेपर घेऊ. 62 बरोबर, 26 चूक, 12 सोडलेले. घरात चर्चा होते ती 62 ची. पण त्या 62 मधले 10 ‘अ’चे निघाले, तर येणारे प्रश्न 52 च. नशिबाने बरोबर आलेला प्रश्न वहीत चूक म्हणूनच नोंदवायचा, नाहीतर तो धडा ‘झालेला’ वाटत राहतो आणि परीक्षेत दगा देतो. आता 26 चुका उलगडा. समजा, 11 प्रश्न वेळेचं बंधन काढल्यावर सुटले. 6 मध्ये प्रश्नच चुकीचा वाचला होता. 9 खरोखर येत नव्हते. म्हणजे आणखी अभ्यासाने सुटणारे 26 पैकी फक्त 9 आहेत. बाकी 17 साठी धडा पुन्हा वाचणं हा वेळेचा अपव्यय आहे, आणि नेमकं तेच करायला सांगितलं जातं.

तिन्हींचा इलाज वेगळा. जे येत नाही त्यासाठी बालभारतीच्या पुस्तकातला तो धडा, सोडवलेल्या उदाहरणांसकट. तिथे आणखी एमसीक्यू (पर्यायी प्रश्न) मारून काही होत नाही. जे येतं पण वेळेत बसत नाही, तिथे पद्धत लांबची असते. डेफिनिट इंटिग्रेशनमध्ये एक्सच्या जागी दोन्ही मर्यादांच्या बेरजेतून एक्स वजा केला की बरेच प्रश्न दोन ओळींत संपतात. सरळ विस्तार करत बसलं की चार मिनिटं जातात. सरळ रेषेचं समीकरण विचारलं असेल तर दिलेला बिंदू पर्यायांत घालून बघायचा. फिजिक्समध्ये नुसत्या मितींवरून कधीकधी दोन पर्याय गळतात. त्या एकाच प्रकारचे दहा-पंधरा प्रश्न एका बैठकीत, घड्याळ लावून सोडवायचे.

वाचण्यातल्या चुका सगळ्यात स्वस्तात दुरुस्त होतात आणि सगळ्यात कमी दुरुस्त केल्या जातात. ‘नाही’ न वाचणं, त्रिज्येच्या जागी व्यास घेणं, सेल्सियसचं केल्विन करायचं राहणं. ‘जरा लक्ष देऊन वाच’ हा उपाय नव्हे. सोडवायला घेण्याआधी काय मागितलंय आणि कोणत्या एककात, हे कच्च्या कागदावर लिहायचं. तीन सेकंद लागतात. परीक्षा स्क्रीनवर असते, तिथे शब्दाखाली रेघ मारता येत नाही, त्यामुळे छापील पेपरवर खुणा करत सराव केलेली मुलं संगणकासमोर अचानक आंधळी होतात. स्क्रीनवरून कागदावर आकडा उतरवताना चुकणं ही वेगळीच जात आहे. म्हणून पूर्ण पेपर संगणकावरच, मोबाइलवर नको.

चुकलेला प्रश्न वहीत लिहायचा तो धडा, चूक कोणत्या प्रकारची, एका ओळीत कारण आणि पुन्हा सोडवायची तारीख एवढ्यासह. तीन दिवसांनी, मग दहा दिवसांनी, मग तीन आठवड्यांनी, दरवेळी कोऱ्या कागदावर. स्पष्टीकरणाचा व्हिडिओ बघून ‘हां, येतं’ म्हणणं याला सोडवणं म्हणत नाहीत. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता: उतारा परत परत वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्याने पुढे निघाले ते न बघता आठवून लिहिणारे.

तर पेपर किती? बोर्डाआधी आठवड्याला एक. बोर्डानंतर आठवड्याला दोन, फार तर तीन. मधल्या दिवशी विश्लेषण आणि धड्यांवरचे छोटे संच. अकरावीच्या भागाला 20 टक्के वजन आहे, म्हणजे 50 प्रश्नांत साधारण 10. त्यासाठी अख्खी अकरावी लागत नाही, ठरावीक धडेच असतात. सीईटी सेलच्या (परीक्षा घेणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) अभ्यासक्रमातून ती यादी काढून भिंतीवर लावा. ‘अकरावी नंतर बघू’ म्हणणारे हे मार्क आपण होऊन सोडतात.

अंदाजाने उत्तर देण्याबद्दलही ज्येष्ठ मंडळींशी माझं कधी पटलं नाही. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी मुलं प्रश्न कोरे ठेवतात, कारण ‘येत नसेल तर हात लावू नका’ हे लहानपणापासून कानी पडलेलं असतं. वरच्या उदाहरणातल्या 12 कोऱ्या प्रश्नांची किंमत डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी 3 मार्क आहे. शेवटची दोन मिनिटं त्यासाठीच राखायची. देशपातळीवरच्या जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला 4 मिळतात आणि चुकीच्याला 1 जातो. चार पर्यायांत आंधळा अंदाज सरासरीने प्रश्नामागे पाव मार्काचा, म्हणजे नगण्य. पण एक पर्याय खात्रीने गळला तर तीच सरासरी दोन तृतीयांश होते, दोन गळले तर दीड. तिथे सोडून देणं हा चक्क तोटा आहे. संख्यात्मक उत्तराच्या प्रश्नांना मात्र हे लागू नाही.

सिरीज: 90 मिनिटांचे दोन वेगळे गट, अकरावीचे प्रश्न योग्य प्रमाणात आणि प्रत्येक प्रश्नाचं स्पष्टीकरण असलेली कुठलीही चालेल. ‘आमचे पेपर खऱ्यापेक्षा अवघड असतात’ अशी फुशारकी मारणारी घेऊ नका. 54 सेकंदांच्या परीक्षेला पाच मिनिटांच्या प्रश्नांचा सराव कशाला? सिरीज दाखवते त्या पर्सेंटाइलवर (किती टक्के मुलं आपल्या बरोबरीला किंवा मागे, तो आकडा) हसू-रडू नका, तो फक्त तीच सिरीज देणाऱ्यांमधला असतो. खऱ्या सीईटीचा पर्सेंटाइल त्या-त्या सत्रातल्या सगळ्यांशी तुलना करून निघतो.

हे आधीच सांगायला हवं होतं: बारावीचा निम्माही अभ्यासक्रम झालेला नसेल तर पूर्ण पेपरला हातच लावू नका, धड्यांचे संच करा. पीसीबी (गणिताऐवजी बायोलॉजी) असेल तर बायोलॉजीचे 100 प्रश्न 90 मिनिटांत असतात, तिथे पाठ्यपुस्तकातली वाक्यंच्या वाक्यं लागतात. नियम दरवर्षी बदलू शकतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा. आणि चुकांची वही मुलीनेच लिहायची, तुम्ही नाही. शेवटच्या आठवड्यात नवा पेपर बंद. फक्त वहीतले, तिसऱ्या खेपेलाही न सुटलेले प्रश्न.