सगळ्यांनी पाहिलेला स्पाय पिक्चर टेबलटॉप आरपीजी (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन बोलत खेळायचा गोष्टीचा खेळ) म्हणून खेळला तर मजा येते का, शेवट तर माहीतच असतो ना?

येते, फक्त मिशन तेच ठेवून गद्दार कोण आणि माल कुठे लपवलाय एवढं बदलायचं. 1983 मध्ये व्हिक्टरी गेम्सने जेम्स बाँडचा आरपीजी काढला, त्यातल्या सिनेमांवर बेतलेल्या मिशन्समध्ये मुद्दाम तपशील फिरवलेले होते, म्हणजे ज्याला पिक्चर पाठ आहे तोच आधी फसतो, मला तर ही आयडिया अजूनही सगळ्यात भारी वाटते. गेममास्टरने (म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याने) व्हिलनला काय हवंय, कधीपर्यंत हवंय आणि कोण खोटं बोलतंय एवढंच लिहून ठेवावं, बाकीचे सीन प्लेअर्स काय करतात ते बघून जागेवरच रचायचे. प्लॅनिंगमध्ये अख्खी संध्याकाळ जाते, त्यासाठी ब्लेड्स इन द डार्क या आरपीजीमधला फ्लॅशबॅकचा नियम उचला: दारावर गार्डने अडवलं की प्लेअर म्हणतो "याला मी कालच पैसे चारलेत", त्याची किंमत म्हणून स्ट्रेस (पात्रावरच्या ताणाचे पॉइंट) घेतो आणि काम अवघड असेल तर फासे टाकतो. पण फ्लॅशबॅकने टेबलवर आधीच घडलेलं पुसता येत नाही, गार्डने गोळी झाडली असेल तर झाडली, हे खेळ सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना सांगून टाका.