युटिलिटी गाडीत चारही चाकं हायड्रॉलिकने वळतात, तर मागच्या चाकांना किती वळायचं हे कसं कळतं?

तुमचा प्रश्न असा आहे की स्टिअरिंगपासून मागच्या चाकांपर्यंत दांडा नाही, गिअर नाही, नुसते होज पाइप आहेत. मग मागची चाकं पुढच्यांइतकीच बरोबर कशी वळतात? मी लोडर आणि टेलिहँडलर (लांब होणाऱ्या हाताने माल उचलणाऱ्या गाड्या) दुरुस्त करतो. उत्तर एका वाक्यात द्यायचं तर, तेल मोजून जातं. मागच्या चाकांना काहीच कळत नाही. त्यांच्या सिलेंडरमध्ये जेवढं तेल शिरतं तेवढी ती वळतात.

मोजणी सुरू होते स्टिअरिंगच्या खाली. तिथे ऑर्बिट्रॉल, म्हणजे स्टिअरिंगने फिरणारा, तेल मोजून देणारा भाग असतो. त्याच्या पोटात सात खाचांची एक रिंग आणि तिच्यात फिरणारा सहा दात्यांचा एक तारा. दाते एकाने कमी असल्यामुळे तारा रिंगमध्ये गरगर घोळत फिरतो, आणि त्याच्या एका पूर्ण फेऱ्यात 42 कप्पे भरून रिकामे होतात. म्हणजे स्टिअरिंगचा एक फेरा म्हणजे ठरलेलं तेल, ना कमी ना जास्त. वरच्या भागात एकात एक बसलेल्या दोन नळ्यांचा व्हॉल्व्ह असतो. तुम्ही स्टिअरिंग हलवलं की आतली नळी जराशी पुढे सरकते, भोकं समोरासमोर येतात आणि पंपाचं तेल ताऱ्याकडे जातं. हात थांबला की बाहेरची नळी तिला गाठते आणि भोकं बंद होतात. इंजिन बंद पडलं तर हाच तारा हातपंपाचं काम करतो. चाकं वळतात, पण घाम निघतो.

आता सिलेंडर. अशा गाड्यांवर बहुतेक दोन्ही बाजूंनी रॉड बाहेर आलेला सिलेंडर असतो, आणि सगळी गंमत त्यातच आहे. रॉड एकाच बाजूला असेल तर त्या बाजूची जागा रॉडच खातो. मग एकीकडून 100 सीसी तेल आत गेलं तरी दुसरीकडून 100 सीसी बाहेर येत नाही. दोन्हीकडे रॉड असला की जेवढं आत, तेवढंच बाहेर. हे बाहेर आलेलं तेल टाकीकडे न पाठवता थेट मागच्या सिलेंडरला द्यायचं. मागचा सिलेंडर पुढच्यासारखाच असेल तर तोही तेवढाच सरकणार. पुढच्याने सोडलेलं तेल हाच मागच्याला मिळालेला निरोप.

आकडे घालून बघा. समजा सिलेंडर 70 मिमीचा, रॉड 40 मिमीचा. तेलाला मिळणारी जागा साधारण 26 चौरस सेंमी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकणं 20 सेंमी, म्हणजे 520 सीसी. ऑर्बिट्रॉल फेऱ्याला 130 सीसी देणारा असेल तर पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे चार फेरे. मागची चाकं जोडली तरी चारच, कारण तेल तेच आहे. दाब मात्र तोच राहत नाही. पुढच्या चाकांना 60 बार आणि मागच्यांना 60 बार लागत असतील, तर एकामागे एक जोडल्यामुळे ऑर्बिट्रॉलला 120 बार द्यावे लागतात. म्हणून दोन चाकांवर मस्त चालणारं स्टिअरिंग चार चाकांवर जड लागलं, तर मी आधी स्टिअरिंगचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, तपासतो.

वळण्याचे तीन मोड असतात आणि ते करतो एक सोलेनॉइड (विजेने सरकणारा) व्हॉल्व्ह, पुढच्या आणि मागच्या सिलेंडरच्या मधे बसलेला. मधल्या जागी असताना मागच्या सिलेंडरची दोन्ही तोंडं बंद, तेल पुढच्यातूनच परत. ही झाली दोन चाकांची चाल, रस्त्यावर हीच ठेवायची. एका बाजूला सरकला की मागची चाकं पुढच्यांच्या उलट वळतात. दुसऱ्या बाजूला सरकला की मागच्या सिलेंडरची दोन तोंडं आपसात बदलतात आणि चारही चाकं एकाच दिशेला तोंड करतात. ही खेकड्याची चाल, भिंतीला चिकटून तिरकं सरकायला.

उलट वळण्याने फरक किती पडतो? पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 3 मीटर आणि चाक 30 अंश वळलेलं धरा. नुसती पुढची चाकं वळली तर पुढच्या अ‍ॅक्सलचा मध्य 6 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो. चारही वळली तर 3 मीटरच्या. शिवाय मागची चाकं पुढच्यांच्याच चाकोरीतून जातात, ओल्या जमिनीत हा मोठा फायदा. पण गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, हे विसरू नका. मी एकदा पुढच्या बादलीकडे बघत बसलो आणि मागच्या वजनाने खांब वाकवला.

(मोटारींमध्ये हे काम वेगळ्या तऱ्हेने झालं आहे. 1987 च्या होंडा प्रेल्यूडमध्ये पुढून मागे चक्क शाफ्ट जायचा. तिथे चाकं काय करताहेत हे लोखंड लक्षात ठेवतं.)

तेल लक्षात ठेवत नाही, आणि खरी डोकेदुखी तिथे आहे. पुढच्या पिस्टनच्या सीलवरून 5 सीसी तेल निसटलं की पुढचा रॉड जवळपास 2 मिमी मागे पडतो, मागचा मात्र पूर्ण सरकतो. दिवसभरात असं थोडं थोडं साठतं आणि संध्याकाळी गाडी तिरकी चालायला लागते. म्हणून मोड बदलण्याआधी चाकं जुळवायची: चार चाकांवर टाकून मागची सरळ होईपर्यंत फिरवा, मग दोन चाकांवर टाकून पुढची सरळ करा, आणि त्यानंतरच हवा तो मोड घ्या. नव्या गाड्यांत चाक सरळ आल्याचं सांगणारे सेन्सर असतात आणि व्हॉल्व्ह तोपर्यंत थांबतो. जुन्यांत हे डोळ्यांनीच.

रोज जुळवावं लागत असेल तर मागच्या रॉडवर खडूने खूण करा आणि गाडी दोन चाकांच्या मोडमध्ये तासभर खडबडीत जमिनीवर चालवा. खूण सरकली तर तेल कुठूनतरी निसटतंय. इंजिन बंद करून, दाब काढून मागच्या सिलेंडरची दोन्ही तोंडं प्लगने बंद करा आणि तेच पुन्हा करा. तरीही सरकली तर पिस्टनचं सील गेलंय. थांबली तर सिलेंडर उघडू नका, मोडचा व्हॉल्व्ह उघडा.