जहाजांची जुनी अमेरिकन चित्रं: कला की नुसती नोंद?

तुम्ही विचारलंय की एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन चित्रांत जहाज बहुतेक वेळा बाजूनेच का दिसतं, आणि अशा ठरावीक चित्रांना कला म्हणायचं का. माझं उत्तर ठाम 'हो' आहे.

आधी गिऱ्हाईक कोण होतं ते बघा. चित्र काढून घ्यायचा तो जहाजाचा मालक, नाहीतर कप्तान. बाजूने काढलं की डोलकाठ्या, शिडं, दोर सगळं उघड दिसतं. याच दोरांच्या भरवशावर ज्याने महासागर ओलांडले, त्याला एक दोर चुकला तरी लगेच कळणार. शिवाय मालकाचं निशाण हवं, जहाजाच्या नावाचा झेंडा हवा, बंदर ओळखू यावं म्हणून दीपस्तंभही हवा. काही चित्रकार तर एकाच कॅनव्हासवर तेच जहाज दोन-तीनदा काढत, मध्ये बाजूने आणि कडेला मागून.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या सेलम बंदरात १७९९ साली ईस्ट इंडिया मरीन सोसायटी ही दर्यावर्दी लोकांची संस्था निघाली. आफ्रिकेच्या दक्षिणेकडचं केप ऑफ गुड होप किंवा दक्षिण अमेरिकेचं दक्षिण टोक केप हॉर्न, यांना वळसा घालून आलेल्यांनाच तिचं सभासदत्व मिळे. तिचा संग्रह आज तिथल्या पीबडी एसेक्स म्युझियममध्ये आहे आणि त्यात मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचंही चित्र आहे. सेलमची जहाजं आपल्या किनाऱ्याशी व्यापार करत होती, त्याची ही खूण.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला फिट्झ हेन्री लेन या चित्रकारात सापडतं. जन्म १८०४, मॅसॅच्युसेट्समधल्याच ग्लॉस्टरचा. लहानपणीच पाय अधू झाले. बॉस्टनमध्ये लिथोग्राफीच्या (दगडावरून चित्रं छापण्याच्या) छापखान्यात हात तयार झाला. १८२८ साली इंग्लंडहून बॉस्टनला आलेल्या रॉबर्ट सामन या जहाजांच्या चित्रकाराची चित्रंही त्याच्यासमोर होती. जहाजाचा दोर न् दोर लेनला ठाऊक होता. पुढे त्याच्या चित्रांत वारा पडतो, पाणी आरशासारखं होतं आणि संध्याकाळचा उजेड सगळं व्यापतो. 'आउल्स हेड' (१८६२) पाहा: जहाज लहान झालंय, तरी त्याची दोरी-शिडं तितकीच चोख. ती अचूकता ढासळली असती तर त्या शांततेवर माझा विश्वास बसला नसता. गिऱ्हाइकासाठी कमावलेली शिस्तच इथे कामी आली.

बघायचं असेल तर ग्लॉस्टरच्या केप ॲन म्युझियमने लेनची चित्रं ऑनलाइन ठेवली आहेत. जुन्या पुस्तकांत त्याचं नाव फिट्झ ह्यू लेन असं छापलेलं आढळेल, माणूस तोच. चित्र मोठं करून आधी निशाण कुठल्या दिशेला फडकतंय ते बघा, मग शिडं त्याच वाऱ्याने भरलीत का ते तपासा. चांगल्या चित्रकाराची पारख तिथेच होते.